नक्षीदार चिनी मातीने घर सजवण्याआधी

पहिल्या दिवशी हातोडी-खिळे काढूच नका. जमिनीवर एक जाड चादर अंथरा आणि घरात जेवढी नक्षीदार भांडी आहेत तेवढी तिच्यावर मांडा: बश्या, थाळे, फुलदाण्या, झाकणाच्या बरण्या, आणि जोडीतला फुटून एकटा उरलेला कपसुद्धा. कपाटात वेगवेगळ्या कप्प्यांत असताना जी भांडी एकमेकांची नातलग वाटत नव्हती, ती शेजारी आली की दोन-तीन घराणी आपोआप दिसायला लागतात. निळी-पांढरी एकीकडे जातात, गुलाबी फुलांची दुसरीकडे. उरलेल्यांचं काय करायचं ते नंतर बघू.

मग एकेक भांडं हातात घ्या. बशी तीन बोटांच्या टोकांवर तोलून काठावर नखाने हलकेच टिचकी मारा. खणखणीत, लांबत जाणारा आवाज आला तर पोर्सेलीन (पातळ, कडक भाजलेली चिनी माती) धडधाकट आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी चीर गेली आहे. जाड मातीच्या भांड्यांचा आवाज मुळातच बसका असतो, त्यांना उजेडात फिरवून पाहा. चीर गेलेलं भांडं टाकायचं नाही, पण भिंतीवर लावायचं नाही. फळीवर, मागच्या रांगेत त्याची जागा. जुन्या भांड्यांच्या झिलईत, म्हणजे वरच्या काचेसारख्या चकचकीत थरात, शिसं असू शकतं, म्हणून ज्याचा इतिहास माहीत नाही ते शोभेपुरतंच ठेवा, त्यातून खाऊ-पिऊ नका.

धुताना बेसिनच्या तळाशी टॉवेल घाला, कोमट पाणी आणि सौम्य साबण घ्या, आणि एका वेळी एकच भांडं धुवा. सोनेरी काठ घासायचे नाहीत. हे सोनं आणि लाल-गुलाबी रंग बहुतेक वेळा झिलईच्या वर चढवून कमी आचेवर भाजलेले असतात, त्यामुळे ते झिजतात. निळ्याचं तसं नाही. कोबाल्टचा निळा झिलईच्या खाली बसतो आणि साधारण १३०० अंश सेल्सियसची भट्टी सोसतो. चीनमधल्या जिंगडेझेनच्या कारागिरांनी चौदाव्या शतकात या निळ्याला जी उंची दिली, तिची ओढ पुढे हॉलंडमधल्या डेल्फ्टपर्यंत पोहोचली. आजही कुठल्याही दोन निळ्या-पांढऱ्या बश्या शेजारी ठेवल्या तरी त्यांचं जमतं.

आता खरा निर्णय: सगळ्यांत आवडती एक बशी निवडा. बाकीची खोली तिच्यामागून येणार आहे. माझं मत विचाराल तर लोक इथेच घाई करतात. आधी उशा आणि पडदे आणतात, मग त्यांना शोभेल अशी बशी शोधत बसतात. उलट करा. बशीतले रंग कागदावर लिहून काढा, अगदी पानाच्या देठाचा हिरवासुद्धा. जपानी इमारी धाटणीची असेल तर गडद निळा, विटकरी लाल आणि सोनेरी मिळतील. विलो नक्षीची असेल तर बहुधा फक्त निळा आणि पांढरा. (विलोतला पूल, झाड आणि वरचे दोन पक्षी पाहून ती चिनी लोककथा वाटते, पण ही नक्षी अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये चिनी धर्तीवर तयार झाली आणि प्रेमिकांची कथा तिला नंतर जोडली गेली. पाहुण्यांना सांगण्यासारखी गोष्ट आहे.) यादीतला सगळ्यांत कमी वापरलेला रंग उशीला किंवा दिव्याच्या शेडला द्या.

कापड निवडताना नक्षीच्या आकाराकडे लक्ष हवं. बशीवर बारीक वेलबुट्टी असेल तर टेबलावरच्या कापडाला रुंद पट्टे किंवा मोठी चौकट चालते. दोन्हीकडे सारख्याच मापाची फुलं आली की डोळ्याला टेकायला जागा उरत नाही. एक थर पूर्ण साधा ठेवाच: सुती, लाकडी, वेताचा, काहीही.

फळीवर मांडायचं असेल तर मागे मोठे थाळे टेकवून उभे करा, मधे फुलदाणी किंवा बरणी, पुढे वाटीएवढ्या वस्तू. मागचं थोडं झाकलं जाऊ द्या. थर त्यामुळेच दिसतात. सगळ्या उंच्या सारख्या झाल्या तर जाड पुस्तकं खाली घाला. थाळे घसरू नयेत म्हणून पुढे बारीक पट्टी ठोका. वजनाचाही अंदाज घ्या: जेवणाच्या आकाराची एक बशी साधारण अर्धा ते पाऊण किलो भरते, म्हणजे दहा बश्यांना फळी आणि तिचे स्क्रू दोन्ही मजबूत लागतात.

भिंतीसाठी प्रत्येक बशीचा घेर कागदावर काढून कापा आणि ते कागद चिकटपट्टीने भिंतीवर लावा. मधली बशी डोळ्यांच्या रेषेत, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर ठेवा. दोन बश्यांत पाच ते आठ सेंटीमीटर अंतर पुरतं. कागद दोन दिवस तसेच राहू द्या, येता-जाता सरकवा. बश्या अडकवायला स्प्रिंगच्या तारेचे हँगर मिळतात; माप चुकून तार ताणली गेली तर काठाचा टवका उडतो. पाठीला चिकटणाऱ्या गोल चकत्या समोरून दिसत नाहीत, पण त्या ओल्या करून गोंद चिकट होऊ द्यायचा, लावायच्या आणि पूर्ण चोवीस तास वाळू द्यायच्या. मी एकदा संध्याकाळी लावून सकाळीच बशी टांगली होती. ती दुपारी पडली, आणि त्या नक्षीची दुसरी मला अजून मिळालेली नाही. तेव्हापासून टांगण्याआधी चकती हाताने जोरात ओढून पाहते. मुलं किंवा मांजर असेल तर टेबलावरच्या वस्तूंच्या बुडाला म्युझियम वॅक्सचा (वस्तू जागेवर धरून ठेवणाऱ्या चिकट मेणाचा) छोटा गोळा लावा. तो नंतर निघतो.

सगळं लागल्यावर रात्री दिवा लावून एक फोटो काढा. झिलईवर दिव्याची तिरीप चमकत असेल तर दिवा थोडा बाजूला सरकवा. मग फोटोत नजर जिथे अडखळते तिथली एक वस्तू उचलून परत खोक्यात ठेवा.