रॅपरचा अल्बम आणि माझी एक्सेल शीट

मी रॅप करत नाही. आरतीत टाळीसुद्धा माझी मागेपुढे पडते. बी.कॉम. केलं, पुण्यात एका सीएकडे जीएसटीची रिटर्न्स भरतो. २०२४ मध्ये शाळेपासूनच्या मित्राच्या पहिल्या अल्बमचा मॅनेजर झालो, कारण त्याच्या ओळखीत एक्सेल येणारा मी एकटाच होतो. ज्यांना रॅपर व्हायचंय त्यांना सांगायला बरेच लोक आहेत. ज्यांना रॅपरच्या शेजारी बसून त्याचा अल्बम बाहेर काढायचाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक शंका मिटवतो. आमच्या पोरांमध्ये तासन्‌तास वाद चालायचा की याला ईपी (म्हणजे छोटा अल्बम) म्हणायचं, मिक्सटेप (गाण्यांचा घरगुती संग्रह) म्हणायचं की स्टुडिओ अल्बम. स्ट्रीमिंगवाल्यांचा हिशोब सरळ आहे: सात किंवा जास्त गाणी असली, किंवा एकूण वेळ ३० मिनिटांच्या वर गेला, की अल्बम. आमची नऊ गाणी, २८ मिनिटं. झाला अल्बम. त्यातले चार व्हर्स, म्हणजे रॅपची कडवी, घरातल्या कपाटासमोर गोधड्या टांगून रेकॉर्ड केलेत, ते कोणी विचारत नाही. मिक्स आणि मास्टर, म्हणजे आवाज जुळवून शेवटचा हात फिरवणं, मात्र खऱ्या स्टुडिओत करून घेतलं. तिथे तासाचे पैसे मोजावे लागतात, म्हणून शब्द पाठ करूनच जा. आमच्या साहेबांनी पहिल्या दिवशी दीड तास एक ओळ बदलण्यात घालवला. मी बाहेर बाकावर बसून मनातल्या मनात मीटर बघत होतो.

सिंगल, म्हणजे सुटं एक गाणं, टाकणं सोपं असतं. २०१५ मध्ये मुंबईचे रॅपर डिव्हाइन आणि नेझी एका गाण्याने सगळीकडे पोचले, पण डिव्हाइनचा पहिला अल्बम ‘कोहिनूर’ यायला २०१९ उजाडलं. आमच्या पुण्यातल्या एमसी स्टॅनचा ‘तडीपार’ २०२० चा. मित्राच्या डोक्यात हे दोन अल्बम होते. माझ्या डोक्यात फक्त एकच प्रश्न होता: नऊ गाण्यांत कोणाचा किती वाटा?

हा प्रश्न विचारला की पोरं नाराज होतात. ‘आपण भाऊ आहोत, बघू नंतर.’ नंतर कोणी बघत नाही. म्हणून मी नियम केला की गाणं ज्या रात्री पूर्ण होईल त्याच रात्री कागद भरायचा: शब्द कोणाचे, बीट (मागचं संगीत) कोणाचं, हुक (परत परत येणारी ओळ) कोणी गायलं, कोणाला किती टक्के, सह्या. सगळ्यांची नावं पॅन कार्डावर असतात तशी, आणि शेजारी रॅपचं नाव. पाच मिनिटांचं काम आहे. नऊपैकी आठ गाण्यांचे कागद झाले. नवव्याने आम्हाला रडवलं.

त्या गाण्याचं बीट ऑनलाइन विकत घेतलेलं होतं. विकत म्हणजे आम्हाला वाटलं विकत. प्रत्यक्षात ती लीज होती, म्हणजे तेच बीट विकणारा आणखी पन्नास जणांना देऊ शकतो, आणि तसं त्याने दिलंही होतं. त्यातल्या कोणीतरी आपलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे सारखा आवाज सापडला की आपोआप दावा ठोकणाऱ्या यंत्रणेत, नोंदवलं. आमचा व्हिडिओ चढल्यावर दुसऱ्याच सकाळी आमच्याच गाण्यावर दावा आला. लीजची पावती जोडून आम्ही हरकत घेतली. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात आणि त्याने ते जवळजवळ सगळे वापरले. दावा सुटला, पण गाणं नवं असतानाचा महिना गेला तो गेलाच. तेव्हा लीजचा करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. किती स्ट्रीमपर्यंत चालेल, व्हिडिओ करता येईल का, कंटेंट आयडीत टाकायला मनाई आहे का, हे सगळं त्यातच लिहिलेलं असतं. गल्लीतल्याच बीटमेकरला थोडे जास्त देऊन एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त आपल्यालाच, घेतलेलं बरं. निदान भांडायला तो चहाच्या टपरीवर सापडतो.

इंट्रोसाठी, म्हणजे अल्बमच्या सुरुवातीच्या तुकड्यासाठी, मित्राला एका जुन्या मराठी गाण्याचा तुकडा हवा होता. मी नको म्हटलं. सॅम्पल घ्यायचं तर दोन परवानग्या लागतात: रेकॉर्डिंग ज्याच्या मालकीचं त्याची, आणि शब्द-चालीचे हक्क ज्याच्याकडे त्याची. आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगचा हक्क ६० वर्षं टिकतो, कवी-संगीतकाराचा त्यांच्या हयातीनंतर ६० वर्षं. ‘दोनच सेकंद घेतलंय’ असली सूट कायद्यात कुठे लिहिलेली नाही. मित्र दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या आजीला जात्यावरची ओवी म्हणायला लावली, फोनवरच. ओवी परंपरेने आलेली, आवाज आजीचा, रेकॉर्डिंग आमचं. अख्ख्या अल्बममधली सगळ्यात भारी जागा तीच आहे, हे मी मित्राला अजून सांगितलेलं नाही.

फक्त ती इंट्रो २६ सेकंदांची होती. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजल्याशिवाय स्ट्रीम धरत नाहीत. मी हात जोडले, दुसरी ओवी घेतली, ४८ सेकंद झाले. शिवाय २०२४ पासून तिथे नियम आहे की आधीच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला पैसे नाहीत. आमची दोन गाणी त्यात अडकली. आजी सुटल्या.

आता डिस्ट्रिब्युटर. स्ट्रीमिंग ॲप तुमचं गाणं थेट घेत नाही, मध्ये हा लागतो. त्याच्या फॉर्ममध्ये सगळ्यात धोकादायक रकाना म्हणजे कलाकाराचं नाव. आमचे आधीचे दोन सिंगल एका पंजाबी भक्तिगीतं गाणाऱ्या गृहस्थाच्या पानावर जाऊन बसले होते, कारण दोघांचं नाव एकच. खाली शिव्या, वर शबद. आधीचं पान असेल तर त्याची लिंक देऊन ‘हाच तो’ असं निवडावं लागतं, नुसतं नाव टाइप करून भागत नाही. शिव्या असतील तर त्या गाण्यापुढे ‘एक्सप्लिसिट’ची खूण करा, लाजू नका. प्रत्येक गाण्याला मिळणारा १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, जपून ठेवा. पुढे डिस्ट्रिब्युटर बदललात तर तोच कोड द्यायचा, नाहीतर जुने स्ट्रीम मागेच राहतात.

तारखेचं काय झालं ते सांगतो. ठरली होती ३० ऑगस्ट. कव्हर परत आलं. फोटो पेठेतल्या एका बोळात काढलेला, आणि मागच्या दुकानाच्या पाटीवर मोबाइल नंबर स्पष्ट दिसत होता. कव्हरवर फोन नंबर, वेबसाइट, हँडल काहीही चालत नाही. नंबर पुसून, ३००० बाय ३००० पिक्सेलमध्ये परत पाठवेपर्यंत पुढचा शुक्रवार आला. २०१५ पासून जगभर नवं संगीत शुक्रवारीच येतं, म्हणून आम्हीही ६ सप्टेंबर धरला. कॅलेंडर कोणीच बघितलं नाही. ७ ला गणपती! आमचा अल्बम आला तेव्हा आख्खं पुणे मखराला लाइट लावत होतं, आणि खुद्द रॅपर पथकाच्या ढोलाची पानं ताणत होता. व्हिडिओ मग विसर्जन उरकल्यावर, २० तारखेला टाकला.

तारीख हलल्याचा एकच फायदा झाला. स्पॉटिफायच्या गाण्यांच्या याद्या (प्लेलिस्ट) करणाऱ्या संपादकांना गाणं सुचवायचं तर ते रिलीजच्या किमान सात दिवस आधी, आणि अल्बममधलं एकच. पहिल्या तारखेला आमचं ते राहूनच गेलं असतं. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा, हिंदीच्या गर्दीत उभं राहू नका. वर्णनाला ५०० अक्षरं मिळतात. मित्राने तिथे ‘हे गाणं म्हणजे आग आहे’ लिहिलं होतं. मी ते खोडून जातं, ओवी, ताशा, बोळ असं साधं लिहिलं. यादीत आलो नाही, तो भाग वेगळा.

आणि आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था. डिस्ट्रिब्युटर देतो ते रेकॉर्डिंगचे पैसे. शब्द आणि चालीचे हक्काचे पैसे आयपीआरएस गोळा करते, आणि रॅपर हा कायद्याच्या भाषेत गीतकारच. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीपासून चित्रपट असो की साधं रेकॉर्डिंग, त्यातल्या शब्दांच्या रॉयल्टीचा समान वाटा गीतकाराला सोडून देता येत नाही. वारसाला किंवा अशा संस्थेला देणं तेवढं चालतं. कोणी कंपनीच्या करारात ‘सर्व हक्क कायमचे’ असं वाचून दाखवलं तर हे आठवा. पण आधी सभासद व्हावं लागतं, गाणी नोंदवावी लागतात. आमच्या ओळखीतल्या निम्म्या रॅपरांनी हे केलेलं नाही.

पैसे उशिरा येतात. आमचं पहिलं स्टेटमेंट डिसेंबरात आलं. शीट उघडून मी प्रत्येकाचा वाटा काढला. इंट्रोत आजींचा अर्धा वाटा, ४३ रुपये. पाकिटात घालून त्यांच्याकडे नेऊन दिले, सोबत कागद, सही करायला. त्यांनी पैसे दोनदा मोजले, चष्मा लावून कागद वाचला आणि म्हणाल्या, ‘यात तुझं काय कापलंस?’

मी म्हटलं, ‘काही नाही, आजी.’

‘मग तू हे करतोस कशाला?’ असं म्हणून त्यांनी तीन रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. शीटमध्ये कमिशनच्या रकान्यात ती पहिली नोंद आहे.