उपचारानंतर ट्यूमर मार्कर वाढलेला दिसला तर

ट्यूमर मार्कर म्हणजे कॅन्सरवर नजर ठेवायला रक्तात मोजतात ते पदार्थ. निपाणी-चिकोडीकडचे पेशंट त्यांची एक तपासणी बेळगावात करतात, पुढची मिरजेला किंवा कोल्हापूरला. मग सीईए (मुख्यतः आतड्याच्या कॅन्सरचा मार्कर) 3 चा 6 दिसला की घरातल्यांचं धाबं दणाणतं. आधी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बारीक अक्षरातली ‘मेथड’ वाचा. मशीनची कंपनी बदलली की त्याच रक्ताचा आकडा बदलू शकतो, सीए 19-9 चा (स्वादुपिंड-पित्तनळीच्या कॅन्सरचा मार्कर) तर फारच. लॅब बदलावीच लागली तर एकाच दिवशी दोन्हीकडे रक्त द्या आणि पुढची तुलना नव्या लॅबच्या आकड्याशी करा.

मग तारीख बघा. केमो सुरू झाल्यावर पहिल्या 4 ते 6 आठवड्यांत सीईए आणि सीए 15-3 (स्तनाच्या कॅन्सरचा) उसळू शकतात; मरणाऱ्या पेशींतून मार्कर रक्तात सुटतो. पोटाच्या ऑपरेशननंतर काही आठवडे सीए 125 (अंडाशयाच्या कॅन्सरचा) चढलेला असू शकतो. प्रोस्टेटला रेडिएशन दिल्यावर पीएसए मध्येच थोडा वर जाऊन आपोआप उतरतो, म्हणून तिथे सर्वांत खालच्या आकड्यावर 2 नॅनोग्रॅमची वाढ ही आजार परतल्याची रेषा धरतात.

बिडी ओढणाऱ्याचा सीईए 5 पर्यंत चालतो, न ओढणाऱ्याचा साधारण 3 च्या आत हवा. तंबाखूच्या पट्ट्यात हे विचारल्याशिवाय रिपोर्ट वाचूच नये, आणि पेशंटनेही लपवू नये. सीए 19-9 वाढला तर सोबत बिलिरुबिन (काविळीची रक्ततपासणी) करा. पित्तनळीतला स्टेंट (ती उघडी ठेवायला बसवलेली बारीक नळी) तुंबला की हा मार्कर शेकड्यांनी वाढतो. आधी नळी मोकळी करून कावीळ उतरू द्यायची, मग पुन्हा तपासायचं. काविळीत थंडीताप आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्यांची गंमत उलटी आहे. काही मशीनवर त्या आकडा खोटाच कमी दाखवतात. गोळी बंद केली की खरा आकडा वर येतो आणि आजार वाढल्यासारखा वाटतो. रक्त देण्याआधी 3 दिवस बंद ठेवा आणि लॅबला सांगा.

काहीच जुळत नसेल तर डॉक्टरांकरवी लॅबला नमुना पातळ करून तपासायला सांगा. निम्मा पातळ केल्यावर आकडा निम्मा झाला नाही, तर रक्तातल्या इतर अँटीबॉडी चाचणीला फसवत असण्याची शंका घ्यावी.

एरवी 3-4 आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये परत तपासा. दुसऱ्यांदाही चढताच असेल, किंवा वजन घटतंय, दुखतंय, तर स्कॅन लांबवू नका.