सहाय्यक रोबोचं रूप ठरवताना या चुका टाळा

सहाय्यक रोबो म्हणजे वृद्धांना, आजाऱ्यांना मदत करणारा किंवा सोबत देणारा रोबो. त्याचं रूप ठरवताना सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे पाच चित्रं त्यांच्यासमोर धरून 'यातला कुठला आवडला?' असं विचारणं. माणसं भिडेखातर एकावर बोट ठेवतात आणि आपण 'वापरकर्त्यांचा सहभाग' अशी नोंद करून मोकळे होतो. चित्रात उंची कळत नाही, स्पर्श तर नाहीच नाही. पुठ्ठ्याचा का होईना, खऱ्या मापाचा नमुना करा आणि रोबो जिथे वावरणार त्या खोलीत नेऊन ठेवा. आमच्या एका सत्रात एका आजींनी बोलता बोलता चष्मा काढला आणि नमुन्याच्या गोल डोक्यावर ठेवला. घरंगळलाच. डोक्यावर एखादी सपाट जागा हवी, हे प्रश्नावलीत कुणीही लिहिलं नव्हतं. शिवाय माणूस अंथरुणावर असेल, तर तुम्हीही तिथे आडवं होऊन बघा. 'पेपर' (Pepper) हा माणसासारख्या रूपाचा रोबो 120 सेंटिमीटरचा आहे. उभ्या माणसाला तो लहान मुलाएवढा वाटतो, पडलेल्या माणसाच्या तो अंगावर येतो.

दुसरी चूक माणसाची हुबेहूब नक्कल करण्याची. जवळजवळ माणूस, पण पुरता नाही, असं रूप पाहून अंगावर काटा येतो, हे जपानी रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी 1970 मध्येच मांडलं होतं. पण माझ्या मते त्याहून मोठा घोळ अपेक्षांचा होतो. हात लावले की लोक म्हणणार, पाण्याचा पेला उचलून दे. तोंड दिलं की गप्पा मारायला बसणार. जे जमत नाही त्याचा अवयव लावूच नका. जपानचे रोबो-संशोधक ताकानोरी शिबाता यांनी आधी रोबो-मांजर करून पाहिलं होतं. लोक खऱ्या मांजराशी तुलना करून नाराज झाले. सील या समुद्री प्राण्याचं पिल्लू कुणी पाळलेलं नसतं, म्हणून त्याच्या रूपातला त्यांचा केसाळ रोबो 'पारो' चालून गेला. त्याचं वजन सुमारे 2.7 किलो, म्हणजे मांडीवर तान्हं बाळ घेतल्यासारखं.

काळजीवाहकांना वगळू नका, आणि फक्त त्यांचंच ऐकूही नका. त्यांना पुसायला सोपं, गुळगुळीत प्लॅस्टिक हवं असतं. ज्याला कुरवाळायचंय त्याला मऊ काहीतरी. पारोच्या केसाळ आवरणाला जंतुरोधक करावं लागलं, ते याच ओढाताणीतून.

रोबो तयार झाला आणि लोक जवळच जात नाहीत? आधी डोळे तपासा. न मिटणारे, एकटक डोळे हे बहुधा पहिलं कारण. पापण्या मिटवा, मान जराशी तिरकी करा. 'हे पोरांचं खेळणं आहे' असं म्हणून एखादे आजोबा पाठ फिरवत असतील, तर डोळे लहान करा, भडक रंग उतरवा. निळ्या आणि हिरव्या छटांमधल्या फरकावर खुणा बेतल्या असतील तर त्याही बदला. वयानुसार डोळ्याचं भिंग पिवळसर होतं आणि हा फरक कळेनासा होतो. म्हणूनच आवरण आणि डोळ्यांचा भाग पहिल्यापासून सुटा ठेवा. सांगाडा एकसंध ओतून घेतला असेल, तर यातलं निम्मं नंतर करताच येत नाही.