सोनारच्या पडद्यावरच्या रेघा कशा गेल्या

पाईक हा मासा पकडण्याच्या स्पर्धेसाठी ॲल्युमिनियमची बोट सज्ज करत होतो. इथे स्टॉकहोमच्या बेटांमध्ये हा मासा निमखाऱ्या, उथळ पाण्यात बोरूच्या कडेला दबा धरून बसतो. आवाज न करता जवळ जायला पुढे इलेक्ट्रिक मोटर हवीच. पण ती चालू केली की सोनारच्या (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर रेघांचा नुसता पाऊस! आणि मोठं इंजिन स्टार्ट करताना सोनार बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. कुणीतरी सांगितलं, ट्रान्सड्युसरच (पाण्यात लहरी सोडणारा-टिपणारा भाग) बदला. महागडा सल्ला.

आधी पडद्यावर व्होल्टेजचा आकडा लावला. स्टार्टर फिरताना तो 12.6 वरून थेट 10 च्या खाली, म्हणून सोनार बंद पडत होता. मग सोनार सुट्या बॅटरीवर जोडून पाहिला, तर रेघा जवळपास गायब. मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट वीज भराभर तोडत-जोडत असतं. तो गोंगाट तारांतून सोनारमध्ये शिरत होता.

सोनारला वेगळी छोटी लिथियम बॅटरी दिली, प्लसच्या टोकाजवळच 3 अँपिअरचा फ्यूज. ट्रान्सड्युसरची केबल मोटरच्या केबलसोबत एकाच जुडीत बांधलेली होती, ती सोडवून बोटीच्या दुसऱ्या अंगाने नेली. उरल्यासुरल्या रेघाही गेल्या.

बाकी सामान साधंच. मासा पट्टीवर मोजून, फोटो काढून परत सोडायचा, म्हणून रबरी जाळं, ओली चटई आणि लांब पक्कड हाताशी. पाईकचे दात नायलॉनची दोरी सहज कापतात, तेव्हा स्टीलचा लीडर (गळाआधीचा तारेचा तुकडा) लावा. गळ खोल रुतला तर ओढाताण नको, कटरने गळच तोडा.