नदीकाठच्या जुन्या मक्त्याचा कागद कसा वाचावा

खानदेशातील तापी, गिरणा किंवा पांझरेकाठची गावकीची वा नगरपालिकेची जमीन मक्त्याने, म्हणजे ठरावीक रकमेच्या ठेक्याने, दिल्याचा जुना कागद हाती आला, तर प्रथम त्यावरील सन ओळखावा. मराठेशाहीच्या कागदांतील शुहूर सनात ५९९ आणि महसुली कामाच्या फसली सनात ५९० मिळवले की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन मिळतो. म्हणजे शुहूर १२१८ आणि फसली १२२७ ही दोन्ही वर्षे १८१७ च्या मृग नक्षत्राला सुरू झाली.

मग कागद कोणी कोणास लिहून दिला ते पाहावे. कौल (अटींसह जमीन दिल्याचा लेख) देणाऱ्याकडून मिळतो, कबुलायत (अटी मान्य केल्याचा लेख) घेणारा लिहून देतो, आणि जोडी जुळल्याशिवाय अटी पुरत्या कळत नाहीत. इस्तावा असेल तर रक्कम दरसाल चढत जाते, म्हणून पहिल्या वर्षाचा आकडा हाच पूर्ण खंड (जमिनीचे भाडे) मानू नये. ही चूक फार होते.

चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दी, मात्र जपून वाचाव्यात. मळई, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, पुराने वाढते किंवा वाहून जाते, त्यामुळे ‘नदीपर्यंत’ ही हद्द आजच्या पात्राशी ताडून पाहणे धोक्याचे आहे.

१९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे भाग झाल्याने नंतरचे कागद जळगाव आणि धुळे असे वेगवेगळे शोधावेत.