स्वस्तातला स्पॉटिंग स्कोप घेताय? या चुका टाळा

"मामा, भोकं दिसताहेत, पण मोजता येईनात की." भाची असं म्हणाली तेव्हा मी नुकताच घेतलेला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबच्या नेमाच्या कार्डावरची गोळ्यांची भोकं बघायची दुर्बीण, तिच्यापुढे मांडून बसलो होतो. खोक्यावर ठळक अक्षरात ६० पट लिहिलं होतं आणि तेच बघून मी तो घेतला होता. ५० मीटरवरच्या कार्डातला काळा गोल त्यातून थाळीएवढा दिसायचा, पण दुधात पाणी घालावं तसा फिका. कडा लवलवायच्या, आणि दोन भोकं एकमेकांना टेकली असली की ती एक की दोन, हे काही केल्या कळायचं नाही. पैसे गेले, वर सरावाचे दोन महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आपल्याकडे नेमबाजीकडे वळणारी पोरं आता वाढताहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, जागतिक विजेतेपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून मारायचा प्रकार) ब्राँझ आणलं. ही नावं बेळगाव, खानापूर, निपाणीच्या घराघरांत आपल्या माणसांची म्हणून घेतली जातात. मग पोरगं किंवा पोरगी हट्ट धरते, घरचे पदराला खार लावून सामान घेतात, आणि स्कोपच्या बाबतीत हमखास फसतात.

१० मीटरला स्कोप घेऊच नका

सगळ्यात पहिली चूक म्हणजे गरज नसताना घेणं. एअर रायफल आणि एअर पिस्तूल १० मीटरवरून मारतात. तिथं कार्ड तारेवरच्या ट्रॉलीनं हातात येतं, किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर शॉट शेजारच्या स्क्रीनवर दिसतो. एअर रायफलच्या कार्डात दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा. ठिपका गेला की नाही हे कार्ड हातात धरूनच बघायचं असतं. या टप्प्यावर ते पैसे चांगल्या छर्ऱ्यांना आणि जाकिटाला घाला.

स्कोप लागतो तो पॉइंट टू टू (०.२२ इंची) रायफलनं ५० मीटरला, कागदी कार्डावर सराव करताना. २५ मीटर पिस्तुलालाही लागतो, पण तिथं लहानसाही चालून जातो.

आकड्याला भुलणं

माझी चूक हीच. ५० मीटरच्या कार्डात काळा गोल ११२.४ मिलिमीटरचा, दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. म्हणजे आपल्याला बघायचंय ते वाटाण्यापेक्षा लहान भोक. आता साधा हिशोब करा. २० पट स्कोपमधून ५० मीटरवरची वस्तू अडीच मीटरवर असल्यासारखी दिसते. अडीच मीटरवरच्या भिंतीवरचं ५.६ मिलिमीटरचं भोक तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी दिसतं की नाही? दिसतं. २५ ते ३० पट असेल तर टेकलेली भोकंही सुटी दिसतात. ६० पटाची गरज ५० मीटरला नाही, १०० मीटरलासुद्धा नाही.

मग मोठ्या आकड्यानं बिघडतं काय? स्कोपवर २०-६० × ६० असं लिहिलेलं असतं. पहिले दोन आकडे पटींचे, शेवटचा पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. व्यासाला पटीनं भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. २० पटीला ६० भागिले २० म्हणजे ३ मिलिमीटर. भर दिवसा आपली बाहुली साधारण २-३ मिलिमीटर उघडी असते, म्हणजे प्रकाश पुरेपूर मिळतो. झूम ६० वर नेलं की झोत उरतो १ मिलिमीटरचा. चित्र मोठं होतं आणि अंधारतं. जून ते सप्टेंबर बेळगावात जो मळभाचा उजेड असतो, त्यात तर काही बघायलाच नको. त्यातून स्वस्त झूम टोकाला नेलं की चित्र मऊ, म्हणजे अस्पष्ट पडतं. स्वस्तातला २०-६० घेतला तर तो २०-३५ आहे असं समजूनच घ्या. वरचा भाग खोक्यावर छापण्यापुरता.

व्यास ६० ते ६५ मिलिमीटर पुरे. ८० चा जास्त उजेड देतो, पण वजन वाढतं आणि त्याला स्टँडही तसाच भक्कम लागतो. दिवसाच्या सरावाला त्याची गरज मला कधी पडली नाही.

माहितीपत्रकात दोन गोष्टी शोधा. प्रिझम (आतली, चित्र सुलटं करणारी काच) बीएके-४ काचेचं असेल तर कडेपर्यंत उजेड सारखा येतो, आणि काचा फुल्ली मल्टी-कोटेड (सगळ्या काचांवर अनेक थर) असतील तर चित्र उठावदार दिसतं. नुसतं कोटेड म्हटलं असेल तर कुठल्या तरी एका काचेवर एक थर असू शकतो. चष्मा असणाऱ्यानं आय रिलीफ बघावा, म्हणजे काचेपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर. १५ मिलिमीटरच्या खाली असेल तर चष्मा काढून बघावं लागतं. दर शॉटनंतर चष्मा काढणारा नेमबाज मी पाहिलेला नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या ४०×६० वगैरे लिहिलेल्या खिशातल्या एकडोळी दुर्बिणींच्या वाटेला जाऊ नका. त्यांतल्या बऱ्याचशा प्रत्यक्षात ८-१० पटींच्याच निघतात. चंद्र बघायची खगोल दुर्बीणही नको, तिच्यात चित्र उलटं किंवा डावं-उजवं फिरलेलं दिसतं. आणि रायफलवरच्या स्कोपनंच कार्ड बघू, हा विचार मनातसुद्धा आणू नका. कार्ड बदलायला माणूस पुढे गेलेला असतो आणि तुम्ही नळी त्याच्यावर रोखलेली असते.

सरळ की वाकडा

स्कोपचे दोन आकार असतात. एकात बघायची काच नळीच्या सरळ रेषेत, दुसऱ्यात ४५ अंशात वर वळलेली. दुकानदार सरळ दाखवतो, कारण गिऱ्हाइकाला तो चटकन जमतो. मागे उभं राहून पोरांचे शॉट सांगणाऱ्या प्रशिक्षकाला सरळ ठीक. पण पालथं पडून मारणाऱ्यानं वाकडाच घ्यावा.

याचं कारण भाचीकडे बघून कळलं. प्रोनमध्ये डावं कोपर एकदा रोवलं की ते हलता कामा नये. सरळ स्कोपात बघायला ती दर वेळी मान उचलायची, खांदा सुटायचा, कोपर बोटभर सरकायचं. पुढचा शॉट कुठं गेला याचा शोध आम्ही रायफलमध्ये घेत बसलो होतो, आणि दोष निघाला स्कोपात. वाकडा स्कोप आणल्यावर तो तिच्या डाव्या हाताला, इतका जवळ लावला की नुसती मान वळवली की डोळा काचेला लागेल. स्कोपच्या कमरेला एक कडं असतं. त्याचा स्क्रू सैल केला की अख्खी नळी आपल्याभोवती फिरते आणि बघायची काच वरच्याऐवजी बाजूला, तोंडाकडे झुकते. हे कडं नसलेला वाकडा स्कोप घेऊ नका.

स्टँडवर काटकसर

स्कोपबरोबर जे वीतभर उंचीचं तिपाई स्टँड फुकट येतं ते टेबलावर शोभतं, रेंजवर नाही. २५ पटीला चित्र मोठं होतं तशी थरथरही २५ पट होते. शेजारच्या लेनमधला माणूस चालत गेला तरी कार्ड नाचायला लागतं. फोटोच्या तिपाया प्रोनसाठी पुरेशा खाली येत नाहीत.

मी उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपातून जाड लोखंडी बुडाची पाटी, तिला उभी सळई आणि सळईवर वर-खाली सरकणारा क्लँप असं करून घेतलं. बेळगावात फाउंड्री आणि लेथची कामं करणारे हात गल्लोगल्ली आहेत, त्यांचा फायदा घ्या. फक्त एक गोष्ट कागदावर लिहून द्या: स्कोपच्या बुडाचा स्क्रू पाव इंची, इंचाला २० आटे असा असतो. वर्कशॉपात हाताशी ६ मिलिमीटरचा बोल्ट असतो आणि तो बसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आटेही वेगळे. दोन-तीनदा पिळला की स्कोपच्या बुडातले आटे खाऊन जातात. बोल्ट लांबही नको, आत टेकला तर बूड फुटतं.

दुकानात बघून पसंत करणं

खडे बाजारातल्या दुकानाच्या दारात उभं राहून समोरची पाटी वाचली आणि स्कोप चांगला ठरवला, असं बहुतेकांचं होतं. पाटीवरची अक्षरं वीतभर असतात, ती कुठल्याही स्कोपातून दिसणारच. घरातलं एखादं मारलेलं कार्ड बरोबर न्या. काळ्यात आणि पांढऱ्यात, दोन्हीकडे भोकं असलेलं. दुकानदाराला विनंती करून ५० मीटर, टेपनं मोजून, मोकळ्या जागी लावा. ऑनलाइन घेतला असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत हेच करा, खोकं आणि बिल जपून.

सगळ्यात कमी पटीवर चित्र स्वच्छ करून मग झूम हळूहळू वाढवत न्या आणि भोकं मोजा. कुठल्या आकड्याला मोजणं अवघड झालं, ते लिहून ठेवा. माझ्या पहिल्या स्कोपला ते ३० च्या आधीच झालं असतं, मी बघितलं असतं तर. मग एक भोक चित्राच्या मधोमध आणा आणि सरकवत कडेला न्या. कडेला थोडं मऊ पडलं तर चालतं, पण मधोमधच मऊ असेल तर तो स्कोप परत करा. काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर जांभळी किंवा हिरवी किनार स्वस्त काचेत थोडी दिसतेच. भोकाची कड झाकली जात नसेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करा.

ही परीक्षा कँपच्या बाजूला, लष्करी हद्दीलगत करू नका. स्कोप लावून बसलेला माणूस तिथं विनाकारण संशयात सापडतो. आणि स्कोप सूर्याकडे वळणार नाही हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगा, डोळा कायमचा जातो.

घेतलाय, पण नीट दिसत नाही

सकाळी स्वच्छ दिसतं आणि अकरानंतर कार्ड पाण्यात बुडवल्यासारखं हलतं, ही मार्च ते मेमधली नेहमीची तक्रार. स्कोप बिघडलेला नसतो. तापलेल्या जमिनीवरची हवा उकळ्या मारत असते आणि जास्त पटीला ती जास्त दिसते. झूम २० वर आणा, सराव सकाळी लवकर घ्या. याच झळांचा उपयोगही करता येतो. फोकस कार्डापेक्षा थोडा अलीकडे आणलात तर झळा कुठल्या बाजूला वाहताहेत ते दिसतं, म्हणजे वाऱ्याची दिशा कळते. पॉइंट टू टूची गोळी वाऱ्यानं ढळते, तेव्हा हे शिकून घेण्यासारखं आहे.

चित्रात काळी सावली तरळते तेव्हा डोळा काचेच्या फार जवळ किंवा लांब असतो. रबरी कप चष्मा असेल तर दुमडा, नसेल तर वर काढा.

पांढऱ्यातली भोकं दिसतात आणि काळ्यातली दिसत नाहीत, याचा दोष बहुतेक वेळा कार्डामागच्या फळीचा. काळ्या कागदात भोक आणि मागे काळपट लाकूड, मग दिसणार काय? कार्डाच्या मध्यामागे फळीला मोठी खिडकी कापून घ्या, म्हणजे भोकातून मागच्या बांधाची उन्हातली माती चमकते. आमच्याकडे एवढ्यानं जो फरक पडला तो महागड्या काचेनंही पडला नसता.

एकाची दोन भोकं दिसू लागली तर स्कोप कुठं तरी आपटलाय आणि आतलं प्रिझम सरकलंय. घरी उघडू नका. ओळखीच्या एकानं स्क्रू ड्रायव्हर घेऊन उघडला, प्रिझम पुन्हा जागेवर बसलंच नाही, आणि आत भरलेला नायट्रोजनही गेला. तो असतो म्हणून आतून वाफ धरत नाही. वॉरंटीत असेल तर पाठवून द्या.

पावसाळ्याचं मात्र मनावर घ्या. खानापूर, जांबोटीकडच्या घरांत आषाढात चपलांना बुरशी येते, ती काचेलाही येते. कापडी किंवा चामडी पिशवीत स्कोप ठेवून कपाटात बंद करणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की बदला. तांदळात ठेवू नका, त्याची भुकटी फोकसच्या चाकात शिरते. भिजलेला स्कोप पुसून, एक रात्र पंख्याखाली उघडा ठेवून मगच डब्यात. काच पुसताना आधी फुंकणीनं धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग लेन्सचं कापड. सदऱ्याच्या टोकानं पुसलं की तांबड्या मातीचा एकेक कण ओरखडा काढत जातो.

जुना स्कोप मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, चांगल्या काचेचा जुना हा नव्या स्वस्तापेक्षा बरा. फक्त अंधाऱ्या खोलीत पुढच्या काचेतून तिरपा टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. हातात धरून हलकेच हलवा, आत काही खुळखुळलं तर ठेवून द्या.