सभा बिघडते ती दहा दिवस आधी: महापालिकेची विषयपत्रिका आखताना या चुका टाळा

सर्वसाधारण सभेत गोंधळ झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो तो महापौरांच्या आसनासमोर हात उंचावून उभ्या राहिलेल्या नगरसेवकांचा. त्या गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा आठ-दहा दिवस आधी कुणाच्या तरी टेबलावर पडलेलं असतं. प्रस्ताव उशिरा आलेला असतो, मथळा मोघम असतो किंवा नोटिशीचे दिवसच चुकीचे मोजलेले असतात. सभागृहात फक्त त्याचा आवाज होतो.

सोलापुरात हे लिहायला सध्या निमित्तही आहे. मार्च २०२२ मध्ये जुन्या सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासकांचा कारभार चालला. प्रस्ताव पाठवणारे आयुक्त आणि प्रशासक म्हणून त्यावर ठराव करणारेही आयुक्तच. सूचक नको, अनुमोदक नको, मूळ प्रस्तावात बदल सुचवणारी उपसूचना तर नकोच नको. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने १०२ जणांचं सभागृह परत आणलं. त्यात पहिल्यांदाच निवडून आलेले आहेत, आणि खात्यांत असे कारकूनही आहेत ज्यांनी सभागृहासाठी टिपणी कधी लिहिलेलीच नाही. महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीत आता दोघांनाही एकाच वेळी शिकायचं आहे.

सात दिवस म्हणजे पूर्ण सात दिवस

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, म्हणजे जुने लोक अजूनही ज्याला ‘बीपीएमसी’ म्हणतात तो कायदा, दर महिन्याला किमान एक साधारण सभा मागतो आणि तीही २० तारखेच्या आत. नोटीस पूर्ण सात दिवसांची हवी. यात घोळ होतो तो ‘पूर्ण’ या शब्दावर. नोटीस काढल्याचा दिवस मोजायचा नाही, सभेचा दिवसही मोजायचा नाही. सभा २० तारखेला असेल तर नोटीस उशिरात उशिरा १२ तारखेला निघायला हवी. १३ ते १९ हे तुमचे सात दिवस. १३ तारखेला काढून ‘तेरा ते वीस, आठ दिवस झाले की’ असा हिशेब मांडणारे महाभाग प्रत्येक कार्यालयात असतात.

आता १२ वरून मागे या. छपाई आणि वाटपाला दोन दिवस, महापौरांच्या मान्यतेला एखादा दिवस, टिपण्यांतल्या त्रुटी काढायला दोन-तीन दिवस. म्हणजे खात्याचा प्रस्ताव सभेचं कामकाज सांभाळणाऱ्या नगरसचिवांकडे महिन्याच्या ५ तारखेच्या आसपास पोचलेला असला पाहिजे. ही तारीख कायद्यात नाही, पण ती न पाळता उरलेल्या तारखा पाळता येत नाहीत. खातेप्रमुख १० तारखेला फाइल घेऊन येतात आणि ‘एवढा एक विषय घ्या’ म्हणतात. तो एक घेतला की दुसऱ्या दिवशी चार येतात. ५ तारीख ठरवली असेल तर ती सगळ्यांना सारखी लावा. आयुक्तांच्या शेऱ्याने आलेल्या फाइललाही.

सोलापुरात जानेवारी वेगळा धरावा लागतो. १२ जानेवारीला चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन, लगेच संक्रांतीला धरून सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा, त्यापाठोपाठ गड्डा यात्रा. निम्मी यंत्रणा मिरवणुकीचा मार्ग, दिवाबत्ती, पाणी आणि सफाईत अडकलेली असते. नोटिशीचे दिवस सुट्टीतही मोजले जातात, कागद मात्र सुट्टीत हलत नाही. म्हणून जानेवारीच्या सभेचे प्रस्ताव डिसेंबरातच गोळा करा. आषाढीचंही तसंच: गजानन महाराजांची पालखी शहरात असते तेव्हा आरोग्य आणि पाणीपुरवठा खात्याकडून खुलासे मागवून उपयोग नसतो.

दिवस चुकल्याचं नोटीस निघाल्यावर लक्षात आलं तर? गप्प बसू नका. तारीख पुढे ढकलून नव्याने नोटीस काढा. चार दिवसांचा उशीर परवडतो. अपुऱ्या नोटिशीवर झालेले ठराव पुढे कुणी हरकत घेतली की सगळेच्या सगळे अडचणीत येतात.

मथळा हाच विषय

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. विषयपत्रिकेवर असं छापून येतं: ‘हद्दवाढ भागातील ड्रेनेजबाबत विचार करणे.’

यावर सभागृहाने करायचं काय? हद्दवाढ झाली १९९२ मध्ये. तेव्हा आत आलेला भाग केवढा मोठा आहे, ते जुळे सोलापूरपासून अक्कलकोट रोडपर्यंत फिरून पाहा. या मथळ्यावर प्रत्येक नगरसेवक आपापल्या प्रभागातली तुंबलेली गटार घेऊन उभा राहणार, दोन तास जाणार आणि शेवटी ‘प्रशासनाने कार्यवाही करावी’ एवढंच लिहिलं जाणार. त्या वाक्याने एक पाइपही बसत नाही.

चांगल्या मथळ्यात पाच गोष्टी असतात: काम कोणतं, कुठून कुठपर्यंत, रक्कम किती, पैसे अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून आणि सभागृहाकडून नेमकं काय हवं. ‘प्रभाग क्रमांक अमुक मधील अमुक नगर ते मुख्य रस्ता या लांबीत मलनिःसारण वाहिनी टाकण्यास, अंदाजपत्रकीय रक्कम रुपये इतकी, लेखाशीर्ष अमुक, प्रशासकीय मान्यता देणे.’ वाचायला कंटाळवाणं आहे. असू दे. ‘विचार करणे’ आणि ‘मान्यता देणे’ यांत एका वर्षाचं अंतर पडू शकतं.

उलट टोकाची चूकही होते. मथळ्यात इतकं कोंबतात की मूळ गोष्ट दडून जाते. महापालिकेची जागा भाड्याने द्यायची असेल तर त्याला अधिनियमाच्या कलम ७९ चे नियम लागू होतात. तिथे मुदत आणि भाडं मथळ्यातच दिसलं पाहिजे, टिपणीच्या सहाव्या पानावर नव्हे. दडवलेला विषय सभागृहात कुणीतरी शोधतोच, आणि मग त्याच्याबरोबरचे निर्मळ विषयही संशयात सापडतात.

मथळा छापून गेल्यावर चूक सापडली तर रक्कम, लांबी, प्रभाग क्रमांक यांसारख्या चुकांचं शुद्धिपत्रक सभेआधी सगळ्या सदस्यांना पोचवा. विषयाचा गाभाच बदलत असेल तर शुद्धिपत्रकाने भागवू नका, तो विषय मागे घ्या आणि पुढच्या सभेत आणा.

टिपणीत पैसे कुठून ते नसतं

यावर फार लिहायला नको. तरतूद किती, खर्च किती झाला, शिल्लक किती, या तीन आकड्यांशिवाय टिपणी नगरसचिवांनी स्वीकारूच नये. आणि विषय स्थायी समितीचा की सर्वसाधारण सभेचा, हे आधी ठरवा. निविदा आणि कंत्राटाची मान्यता बहुतेक वेळा स्थायीची असते. चुकीच्या दारात गेलेला विषय महिनाभराने परत येतो.

‘सभेत बोलतो की मी’

नव्या नगरसेवकांसाठी हा भाग. नगरसचिव कार्यालयात साधारण असा संवाद चालतो:

‘मालक, विषय घ्यायचा म्हणताय, पण पत्र कुठाय?’

‘पत्र कशाला, सभेत बोलतो की मी.’

‘बोला की. पण नुसतं बोललेलं ठरावात येत नसतंय.’

कारकून बरोबर सांगतोय. विषयपत्रिकेवर नसलेला प्रस्ताव तुम्हाला मांडायचा असेल तर सभेच्या आधी पूर्ण तीन दिवस नगरसचिवांना लेखी द्यावा लागतो, म्हणजे तो पुरवणी विषयपत्रिकेत जाहीर होतो. प्रशासनाला प्रश्न विचारायचा असेल तर कलम ४४ आहे आणि त्याला पूर्ण सात दिवसांची लेखी सूचना लागते. म्हणजे विषयपत्रिका हातात पडल्यावर प्रश्न लिहायला बसलात तर या सभेची वेळ बहुतेक टळलेली असते. महिन्याच्या सुरुवातीलाच प्रश्न देऊन ठेवा. न देता उभं राहून विचारलं की अधिकारी ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणतात, आणि ते नियमात बसतं.

ऐनवेळचे विषय हा या सगळ्यावरचा लाडका उपाय. तो टाळा. नोटिशीत नसलेला विषय घ्यायला कायद्याने वेगळी संमती लागते, आणि विषय खरोखर तातडीचा असावा लागतो. पूर आला, वाहिनी फुटली, साथ पसरली तर समजू शकतो. चौकाचं नामकरण ऐनवेळी कशाला? असे ठराव शासनाकडे कलम ४५१ खाली निलंबनासाठी किंवा विखंडनासाठी, म्हणजे रद्द करण्यासाठी, पाठवायला विरोधकांना आयतं कारण मिळतं.

पाण्याला जागा ठेवली नाही तर पाणी सगळी जागा घेतं

सोलापुरातल्या कुठल्याही सभेची ही खासियत आहे. विषयपत्रिकेवर काहीही असो, पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी उठतं आणि पाणी किती दिवसांनी येतंय ते सांगतं. त्यात गैर काही नाही. शहर उजनीवरच्या जलवाहिनीवर, भीमेवरच्या टाकळी उपशावर आणि हिप्परग्याच्या तलावावर अवलंबून आहे. औज बंधाऱ्यात पाणी किती, उजनीतून नदीत कधी सोडणार, समांतर जलवाहिनीचं काय, हे प्रश्न लोक नगरसेवकाला दारात उभं करून विचारतात. तो सभागृहात विचारणारच.

चूक आखणीत आहे. हे होणार हे ठाऊक असूनही पाण्याचा विषय पत्रिकेवर नसतो. मग चर्चा विषयाविना चालते, तिचा ठराव होत नाही आणि खालचे तीस विषय संध्याकाळी पाच मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ म्हणत उरकले जातात. त्यापेक्षा एप्रिल-मे मध्ये, आणि पाऊस लांबला तर जूनमध्येही, पाणीपुरवठ्याचं निवेदन विषय क्रमांक एक किंवा दोनवर ठेवा. सोबत झोननिहाय वेळापत्रक छापील द्या, खात्याचे अभियंता बसवा, वेळ ठरवून घ्या.

चर्चा त्यात मावणारी नसेल तर पाण्यासाठी विशेष सभा लावा. महापौर स्वतः बोलावू शकतात. एकूण सदस्यांपैकी किमान एक चतुर्थांशांनी लेखी मागणी केली तर बोलावणं भाग असतं. निवडून आलेल्या १०२ वर हा आकडा २६ येतो. पण सह्या काठावर ठेवू नका. एखादी सही जुळत नाही, एखाद्याचं मन बदलतं. तीसच्या वर घ्या.

क्रमाची दुसरी गोष्ट गणपूर्तीची. एक तृतीयांश सदस्य हजर नसल्याचं कुणी लक्षात आणून दिलं की सभा तहकूब करावी लागते. जेवणानंतर सभागृह विरळ होतं हे सगळ्यांना माहीत असताना सर्वांत वादग्रस्त विषय तळाशी का ठेवतात, याचं उत्तर वाचकांनीच शोधावं. तहकूब सभेत उरलेलेच विषय घेता येतात. तिच्यात नवा विषय घुसवू नका.

‘उपसूचनेसह मंजूर’

हे दोन शब्द इतिवृत्तात दिसले की मी आधी उपसूचना शोधतो. पुष्कळदा ती नसते. सभेत कुणीतरी म्हणालेलं असतं, ‘आमच्या प्रभागातला रस्ताही धरा’, पाच-सहा जण ‘आमचाही’ म्हणालेले असतात, आणि पीठासनावरून ‘उपसूचनेसह मंजूर’ जाहीर झालेलं असतं. नेमकं काय मंजूर झालं? आठवड्याने ठराव लिहायला बसलेल्या कारकुनाला ते ठरवावं लागतं, आणि त्या आठवड्यात त्याच्याकडे किती जण येऊन जातात ते विचारू नका.

उपाय अगदी साधा आहे. उपसूचना लेखी, सूचक आणि अनुमोदकाच्या सहीने, पीठासनाकडे गेली पाहिजे आणि मताला टाकण्याआधी मोठ्याने वाचली गेली पाहिजे. कोरे छापील अर्ज सभागृहात प्रत्येक बाकावर ठेवा. दोन ओळी लिहायला अर्धं मिनिट लागतं. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करण्याचा विषय येतो तेव्हा तो ‘वाचलं असं समजून’ सोडून देऊ नका. दुरुस्ती सुचवायची ती तेव्हाच.

जाता जाता आणखी एक. विषयपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर तिरप्या फोटोंत पाठवू नका, शोधता येईल अशी एकच पीडीएफ द्या. या शहरात कुणाच्या घरी तेलुगू बोलतात, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. कचेरीची ‘सदरहू प्रकरणी’वाली मराठी मराठी घरातल्यांनाही झेपत नाही. प्रत्येक विषयाखाली दोन ओळी सोप्या भाषेत द्या. आणि कागद ज्यांच्या नावाने आहे त्यांच्याच हातात द्या. नगरसेविकेचा लखोटा पतिराजांकडे देऊन ‘पोच’ घेणं ही रीत आता पुरे.

सर्वसाधारण सभा नागरिकांना खुली असते आणि नोटीस स्थानिक वृत्तपत्रात येते. शेवटचं सांगणं त्यांच्यासाठी: सभेआधी आपल्या भागाचा विषय क्रमांक टिपून ठेवा. नंतर ‘रस्त्याच्या विषयाचं काय झालं’ असं विचारलंत तर उत्तर येतं ‘प्रक्रियेत आहे’. सभेची तारीख आणि विषय क्रमांक लिहून माहितीच्या अधिकारात ठरावाची आणि उपसूचनेची प्रमाणित प्रत मागितली, तर एक तर प्रत द्यावी लागते किंवा ती नसल्याचं लिहून द्यावं लागतं.